बार्शीचे नव्वद फॉर्म

पीएच.डी. करणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "कशात?" आणि दुसरा, "झाली का?" पहिला एकदाच विचारतात. दुसरा मला सहा वर्षं विचारला. लग्नात, बारशात, भाजी घेताना, पोरीच्या शाळेच्या गेटवर. एकदा तर दाताच्या डॉक्टरनं मला खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापूस कोंबला आणि मग विचारलं, "मॅडम, पीएच.डी. कुठवर आली?" कापूस होता म्हणून बरं, नाहीतर माझ्या तोंडून काय निघालं असतं कुणास ठाऊक.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात अकौंटन्सी आणि ऑडिटिंग शिकवते. अडतिसाव्या वर्षी, घरात सासूबाई, नवरा आणि चौथीतली मुलगी असताना मला ही बुद्धी सुचली. पात्रता परीक्षा दिली, समितीपुढं विषय मांडला आणि मग सुरू झाले दर सहा महिन्यांचे प्रगती अहवाल. माझा तिसरा अहवाल बघून माझ्या मार्गदर्शक मॅडम चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या होत्या, "यात अहवाल आहे गं, प्रगती कुठाय?" मॅडम तशा प्रेमळ, पण त्यांचं प्रेम शोधावं लागतं.

विषय साधा होता. थीसिसवर त्याचं नाव तीन ओळींचं आहे, पण मतलब एवढाच: आपल्या जिल्ह्यातले छोटे व्यापारी हिशेब कसे ठेवतात, आणि आता सगळं संगणकावर गेलंय त्याबद्दल त्यांना काय वाटतं. त्यासाठी मी चाळीस प्रश्नांचा फॉर्म केला. सोलापूर शहरातले फॉर्म मी स्वतः दुकानात बसून भरून घेतले. माझं माहेर शुक्रवार पेठेतलं, घरात कानडी आणि दुकानात मराठी असं वाढलेलं पोर मी, त्यामुळं गल्ल्यापाशी बसायची मला लाज नव्हती. एकेका फॉर्मला पाऊण तास लागायचा, कारण मध्येच गिऱ्हाईक यायचं. एका टॉवेलवाल्यानं मला विचारलं, "मॅडम, हे 'सहमत' आन् 'पूर्णपणे सहमत', ह्यात फरक काय हो?" मी समजावायला तोंड उघडलं तर शेजारचा दुकानदारच म्हणाला, "बायकोचं पटलं की सहमत. आन् ती म्होरं उभी असली की पूर्णपणे सहमत." ती व्याख्या मी थीसिसमध्ये घालू शकले नाही, पण वर्गात अजून सांगते.

सोलापूर संपता संपता मी दमले. बार्शीच्या धान्य बाजारातले नव्वद व्यापारी राहिले होते. एस.टी.नं जाऊन-येऊन चार तास, वर कॉलेज, वर घर. प्रत्येकापुढं बसणं आता माझ्याच्यानं होणार नव्हतं. म्हणून मी बार्शीला गेले आणि दुकानोदुकानी फॉर्म वाटून आले. सगळे भले. "ठेवून जावा मॅडम, देतो की भरून." बाजारातल्या एका वयस्कर अडत्यानं तर सगळे गोळा करून ठेवायची जबाबदारी घेतली. पंधरा दिवसांनी गेले तर नव्वदच्या नव्वद फॉर्म एका फायलीत लावून तयार! एकही प्रश्न रिकामा नाही. सोलापूरच्या माझ्या फॉर्मांवर चहाचे डाग होते, तेलाची बोटं होती, एकावर तर कुणीतरी फोन नंबर लिहून घेतला होता. हे कसे नवे करकरीत. मला त्या दुकानात रडू यायचंच राहिलं होतं.

आणि आकडे काय सुंदर आले म्हणता! बार्शीचे व्यापारी रोजच्या रोज नोंदी करतात, दर महिन्याला ताळमेळ बघतात, संगणकावर समाधानी आहेत, कुठली अडचण म्हणून नाही. सोलापूरचे आपले ढिले. पाचवं प्रकरण मी या फरकावरच उभं केलं. एका परिषदेत त्यावर पेपर वाचला, टाळ्या घेतल्या. मॅडमही खूश होत्या. मुदतवाढ घेऊन घेऊन आता शेवटची उरली होती, ती संपायला चार महिने होते, आणि ती संपली की नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात. पण थीसिस जवळजवळ लिहून झाला होता. मॅडम म्हणाल्या, "सगळं छान आहे. फक्त बार्शीत असं वेगळं काय आहे गं? परीक्षक विचारणार. पाच-सहा जणांना भेट, दोन पानं लिही, की संपलं."

तर मी बार्शीला गेले. आधी त्या अडत्याकडंच. चहा आला. मी वही काढली आणि म्हटलं, "काका, तुमच्या सगळ्यांच्याच फॉर्मांत आहे की तुम्ही रोज दुकान बंद करायच्या आधी स्वतः नोंदी तपासता. ही सवय कशी लागली?"

"कोण, मी?" ते म्हणाले. "कवा?"

"फॉर्मात लिहिलंय तुम्ही."

"त्यो फॉर्म व्हय?" ते हसले. "त्यो आमी साहेबांकडं दिला की. कागद आला की तिकडंच जातो. आमी कशाला हात लावतोय?"

साहेब म्हणजे त्यांचे कर सल्लागार. मी विचारलं, बाकीच्यांनी? "समद्यांनीच. समद्यांचं साहेब एकच हाईत." चौकटी असलेला कुठलाही कागद दुकानात आला की तो न वाचता सल्लागाराच्या ऑफिसात पाठवायचा, ही व्यापाऱ्याची रीत. ती मी जन्मापासून बघितलेली. माझे वडीलही तेच करायचे. अकौंट्समध्ये पीएच.डी. करायला निघालेल्या बाईला तेवढं आठवू नये?

साहेबांचं ऑफिस बाजारातच, वरच्या मजल्यावर. साठीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, कपाळावर चष्मा, भिंतीला छतापर्यंत फायली. मला बघून इतके आनंदले! "या या मॅडम! तुमचाच तो सर्व्हे ना? काही क्वेरी निघाली का?"

"काका," मी कशीबशी म्हणाले, "ते सगळे फॉर्म तुम्ही भरलेत?"

"मग? दोन रविवार गेले माझे." त्यांनी उठून एक फाईल ओढली. आत माझ्या फॉर्मची झेरॉक्स. दुसरी फाईल, दुसरी झेरॉक्स. "प्रत्येकाची ऑफिस कॉपी ठेवलीय. उद्या कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार?"

"कुणीही! कागद गेला की विचारणा येणारच. म्हणून एकालाही त्रास होणार नाही अशीच उत्तरं दिलीत. तुम्ही विचारलंय, नोंदी रोज करता का? त्यानं स्वतः लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? 'वेळ मिळंल तवा.' झालं का मग कल्याण?"

"पण काका, ती त्यांची मतं हवी होती मला."

"हो की! पण त्यांची मतं लिहून दिली असती तर अडचणीत आले असते बिचारे." ते मनापासून सांगत होते. मला त्या माणसावर भयंकर चिडायचं होतं, आणि चिडता येईना. त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. त्यांनी मागवलेली लस्सी मुकाट्यानं पिऊन मी खाली उतरले.

घरी येऊन फॉर्म काढले. नव्वद फॉर्मांवर एकाच तऱ्हेची बरोबरची खूण, आणि ती हिरव्या शाईत. हिरव्या शाईनं खुणा आमच्या धंद्यात हिशेब तपासणारा करतो, हे मी दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना सांगते. अय्यो देवा! ते फॉर्म मी स्वतः एकेक करून संगणकावर चढवले होते. शाई दिसत होती, अर्थ दिसत नव्हता. काम संपल्याच्या आनंदात मला काही बघायचंच नव्हतं, हे खरं.

नवरा शाळेत गणित शिकवतो. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "फॉर्मवर कुणाचं नाव आहे?"

"नाही."

"मग कुणाला कळणार? सहा वर्षं झाली. मुलगी दहावीला आली. आता गप्प बस आणि दे छापायला."

मी गप्प बसले. चांगले आठ दिवस बसले. कारण मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला सांगू? नव्वद फॉर्म काढून टाकले तर पाचवं प्रकरण कोसळत होतं, आणि चार महिन्यांत नवं काही उभं राहील असं वाटत नव्हतं. ठेवले तर डॉक्टर होत होते. मी स्वतःची समजूत घालायचे की लोक याहून काय काय करतात. मग जेवायला बसले की घास उतरायचा नाही. सासूबाईंनी दृष्टसुद्धा काढली. वर्गात पुराव्याचा धडा चालू होता, पक्षकारानं स्वतः दिलेला पुरावा आणि तिऱ्हाइतानं दिलेला पुरावा. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पण सगळं फारच बरोबर असलं तर काय करायचं?" मी म्हटलं, "जाऊन विचारायचं." आणि खडू खाली ठेवला. घसा बसलाय म्हणून तास सोडून दिला आणि तशीच मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं.

"किती फॉर्म?" मॅडम म्हणाल्या.

"नव्वद."

"सगळे एकाच माणसानं?"

"सगळे. ऑफिस कॉपी ठेवून."

मला वाटलं आता फाईल माझ्या अंगावर येणार. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ऑफिस कॉपी ठेवून," त्या पुटपुटल्या, आणि मग त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मी तिथंच बसकण मारली आणि रडायला लागले. "रड," त्या म्हणाल्या, "पण पाचच मिनिटं. मग कागद घे. अगं, माझीही चूक आहे. ते नीटनेटके फॉर्म बघून बार्शीचे लोक शिस्तीचे, असं मीच म्हटलं होतं. आता पाचवं प्रकरण फाड. परत जा, आणि या वेळी त्यांच्यापुढं बस. आणि जे झालं ते सगळं परिशिष्टात लिहून टाक. मुदतीत झालं तर झालं."

"आणि नाही झालं तर?"

"तर नाही झालं. तुझी नोकरी आहे, घर आहे, तब्येत बरी आहे. मरतेस काय?"

जिना उतरताना मला भूक लागली. आठ दिवसांत पहिल्यांदा. कॅन्टीनमध्ये एकटीनं दोन प्लेट भजी खाल्ली आणि वर चहा घेतला. थीसिस हातचा जाणार होता बहुतेक, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की कॅन्टीनवाल्याशी उगाचच पाच मिनिटं गप्पा मारल्या.

मग दर शनिवार-रविवार बार्शी. सल्लागार काकांना आधी राग आला. "म्हणजे माझं काम चुकलं म्हणता?" मी म्हटलं, "नाही काका, तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं." ते जरा विरघळले. पण व्यापारी काही बोलेनात. साहेबांच्या परवानगीशिवाय कोण तोंड उघडणार? शेवटी काकांनीच आपल्या लेटरहेडवर लिहून दिलं: "सदर माहिती शासनाकडे जात नाही. मॅडमशी मोकळेपणाने बोलावे." खाली सही, शिक्का, आणि सही हिरव्या शाईत. तो कागद दाखवला की लोक मोकळे व्हायचे. मोकळेपणाला परवाना लागतो, हे मला कुठल्या संशोधन पद्धतीच्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

आणि मग काय एकेक ऐकलं! कुणी कॅलेंडरवर लिहायचा, कुणी मोबाईलवर स्वतःलाच बोलून ठेवायचा. फॉर्मात सगळेच संगणकावर 'पूर्णपणे समाधानी' होते, त्यातल्या एकानं तर संगणकावर टॉवेल घालून ठेवला होता. ते वयस्कर अडते मात्र पहिल्यांदा गंभीर झाले. दुकानात कुणी नाही असं बघून म्हणाले, "खरं सांगू का मॅडम? चाळीस वर्षं धंदा करतोय. पर पडद्यावरचं मला काय बी कळत न्हाय. औंदा किती मिळालं, ते मार्च झाल्यावर साहेब सांगत्यात. मी आपला हां म्हणतो." मग माझ्या वहीकडं बघून हळूच, "हे पोरांना कळणार न्हाय नव्हं?" मी नाही म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत मला लाज दिसली, आणि माझ्या पहिल्या पाचव्या प्रकरणाची मला जितकी लाज वाटली तितकी त्या आधी कधीच वाटली नव्हती. या माणसाला मी 'जागरूक' ठरवून टाळ्या घेतल्या होत्या.

नव्वद काही झाले नाहीत. चोपन्न झाले. पाचवं प्रकरण नवं लिहिलं, त्याचा सूर एवढाच की हिशेब उत्तम ठेवला जातो, पण ज्याचा आहे तो वाचत नाही. आणि परिशिष्टात नऊ पानं, माझ्या चुकीची, हिरव्या शाईसकट. मुदत संपायच्या चार दिवस आधी थीसिस जमा केला. क्लार्कनं पोचपावती दिली तेव्हा मी ती दोनदा वाचली.

व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे शांत, म्हातारेसे गृहस्थ. समोर माझा थीसिस आणि त्यात चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं, शेवटच्या रांगेत नवरा. परीक्षकांनी सरळ परिशिष्ट उघडलं.

"हे तुम्ही स्वतःहून जोडलंत? कुणी पकडलं होतं?"

"नाही सर."

"मग कशाला लिहिलंत? कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं होतं, सर."

त्यांनी पान उलटलं. मग एकदम चष्म्यातून वर बघून म्हणाले, "मॅडम, तुमचा स्वतःचा इन्कम टॅक्सचा रिटर्न कोण भरतं?"

मी अकौंट्सची प्राध्यापक, समोर माझे विद्यार्थी बसलेले. एक क्षण मनात आलं, म्हणावं 'मीच'. मग म्हटलं, "मिस्टर एका सल्लागारांकडे फाईल देतात, सर."

"आणि तुम्ही?"

"मी फोनवर ओटीपी सांगते."

"वाचता?"

"नाही."

सगळे हसले. मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. परीक्षकही हसले आणि मीही, पोट दुखेपर्यंत. त्या 'नाही'नंतर मला कुठल्याच प्रश्नाची भीती उरली नाही. विचारा काय विचारायचं ते, लपवायला माझ्याकडं काही शिल्लकच नव्हतं. पुढचा तासभर मी इतकी मजेत बोलले की शेवटी मॅडमनी खूण करून थांबवलं. मग समिती आत गेली, बाहेर आली आणि पदवी देण्याची शिफारस वाचून दाखवली.

बाहेर व्हरांड्यात नवरा पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा होता. मी म्हटलं, "बघितलंत ना? गप्प बसले असते तर आज काय झालं असतं?"

"काय झालं असतं ते मला विचार," ते म्हणाले. "ते आठ दिवस मला झोप नव्हती. तुला गप्प बस म्हटलं खरं, पण रोज वाटायचं, ही आज मॅडमना सांगून येईल, आज येईल. तू सांगून आलीस त्या दिवशी मी आईला म्हटलं, सुटलो."

त्या आठ दिवसांत मी त्यांच्याशी धड बोललेही नव्हते. मला वाटायचं, यांना काही वाटतच नाही. "अहो, मग मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"मी 'सांगून ये' म्हटलं असतं तर तू माझ्या म्हणण्यानं गेली असतीस," ते म्हणाले, "आणि मग तू पास झालीस की नापास, ते मला कधीच कळलं नसतं." आणि बॉक्सची दोरी सोडून त्यांनी पहिला पेढा मला न देता स्वतःच्या तोंडात टाकला.